क्लच सुटत नाही, गाडी मध्येच बंद पडते: घरी बांधलेल्या गाड्यांचे प्रश्न

पाऊस सरला, चवथ झाली, ताडपत्र्या निघाल्या आणि लोकांनी आपापल्या गाड्या पुन्हा चालू करायला घेतल्या, हे या महिन्याच्या पत्रांवरूनच कळतंय. यावेळी घरी बांधलेल्या गाड्यांची पत्रं बरीच आली म्हणून ती सगळी एकत्र घेतोय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली ती आधीच सांगतो. कंपनीची गाडी बिघडली की पार्ट खराब झाला असं धरून चाललं तर चालतं, पण घरी बांधलेल्या गाडीत पार्ट बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि तो पार्ट आपण आपल्या हाताने जिथे दुसऱ्याला जोडला तिथेच घोळ असतो, म्हणजे ब्रॅकेट, अर्थिंग, पाइप, क्लिप, नट. इंजिन कंपनीने बनवलं, जोडणी आपण केली. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी आपण स्वतः बनवलेलं सगळं एकदा बघून घ्या.

प्रश्न (सावईवेऱ्याहून एक वाचक): नमस्कार. आमच्या कुळागरात सुपारी-नारळ वर आणायला मी आणि धाकट्या भावाने चौकोनी पाइपची चेसिस करून त्यावर जुन्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल बसवला. गाडी ओढते छान. पण क्लच वायर टिकत नाही, ओरिजिनल टाकली तरी दोन-तीन महिन्यांत पेडल जड होतं आणि मग वायर तुटते. रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. सेल्फ पण हळू फिरतो, बॅटरी नवी आहे तरी. मेस्त्री म्हणतो प्रेशर प्लेट बदला. बदलू का?

उत्तर: थांबा, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) आत्ता बदलू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंय, ते सेल्फचं. जड होणारा क्लच आणि हळू फिरणारा सेल्फ ही दोन वेगळी दुखणी वाटतात पण घरी बांधलेल्या गाडीत ती खूपदा एकच असतात.

ओम्नीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यात मध्ये रबर आहे आणि रबरातून करंट जात नाही. कंपनीच्या गाडीत त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची जाड वायर किंवा पट्टी दिलेली असते. जुन्या गाडीतून इंजिन उतरवताना ती पट्टी बॉडीलाच राहते नाहीतर भंगारात जाते आणि नव्या चेसिसवर ती लावायची कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती नसली तरी गाडी सुरू होते. मग सेल्फ मारला की शंभर अँपिअरच्या वरचा करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायला वाट शोधतो, आणि इंजिनपासून चेसिसपर्यंत लोखंडाची वाट कुठली उरली? क्लच वायर. अॅक्सिलरेटरची वायर. स्पीडोमीटरची केबल. या बारीक तारांमधून तो करंट गेला की तार तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटतं, पेडल जड होतं, मग एकेक पदर तुटत जातो आणि एक दिवस चढावर वायर हातात येते. नवीन वायर टाकली तरी तेच, कारण वायरीचा काही दोषच नव्हता.

हे तपासायला काही खोलावं लागत नाही. साधा मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची प्लसची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर धरा, वरच्या क्लिपवर नको, खांबावरच, आणि लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर रंग-तेल नसलेल्या ठिकाणी. आता भावाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. ०.५ च्या वर गेला तर खराब, आणि एक-दीड व्होल्ट दिसला तर समजा क्लच वायरच तुमचा सेल्फ चालवतेय. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर क्लच वायरच्या टोकाला हात लावून बघा, कोमट लागली तर मग मीटरचीसुद्धा गरज नाही.

उपाय स्वस्त आहे. सेल्फला जाते तेवढीच जाड, २५ स्क्वेअर एमएमची वायर घ्या, गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या मायनसला, आणि तिथून दुसरी चेसिसला. चेसिसवर जिथे नट बसणार तिथला रंग घासून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर टाका, घट्ट करा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासा. आपल्याकडच्या दमट हवेत तांब्याचे लग (वायरच्या टोकाच्या कड्या) हिरवे पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे लग नीट दाबून घ्या, वर हीटश्रिंक चढवा आणि दर पावसाळ्याआधी एकदा हा नट सोडून साफ करून परत लावा. हे करायच्या आधी नवीन क्लच वायर टाकू नका, ती पण जाईल.

आता रिव्हर्सचा आवाज. रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअरांचा वेग जुळवून घेणारी रचना) नसतो म्हणून क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिली तक्रार रिव्हर्सच करतो. इंजिन स्लोवर ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच अर्धवटच सुटतोय. पण तो प्रेशर प्लेटमुळे असं लगेच म्हणू नका. गाडी बंद करून टॉर्च घेऊन खाली जा, भावाला पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि क्लच वायरचं बाहेरचं आवरण ज्या ब्रॅकेटवर टेकतं त्या ब्रॅकेटकडे बघत राहा. दोन्ही टोकांना बघा, पेडलकडे पण आणि गिअरबॉक्सकडे पण. ब्रॅकेटच्या कडेला खडूची एक रेघ मारून ठेवलीत तर अजून छान दिसेल. पाय दाबला की आधी ब्रॅकेट वाकतो, पत्रा पोटात जातो आणि मग कुठे क्लचचा लिव्हर हलायला लागतो, असं दिसलं तर तुमचा रोग सापडला. लिव्हरला मिळणारी ओढ आधीच मोजकी असते, त्यातले चार-पाच मिमी ब्रॅकेटनेच खाल्ले तर प्लेट फ्लायव्हीलपासून मोकळी होणार कशी? घरी बांधलेल्या गाड्यांमध्ये पेडलचा बॉक्स बहुतेक पातळ पत्र्यावर बसवलेला असतो, तिथे ५ मिमीची पट्टी आणि एक तिरकी त्रिकोणी तुकडी वेल्ड केली की काम होतं.

आणि इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. गिअर पडत नाही म्हणून बरेच जण अॅडजस्टरचा नट फिरवत फिरवत वायर ताणत जातात. गिअर पडतो, बरं वाटतं, पण लिव्हरला जो मोकळा खेळ राहायला हवा, साधारण दोन ते चार मिमी, तो संपतो. मग रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेट ढकलणारं बेअरिंग, सतत प्रेशर प्लेटला टेकून फिरत राहतं, प्लेटवरचा दाब कमी होतो आणि काही दिवसांत क्लच घसरायला लागतो. म्हणजे सुटत नव्हता तो क्लच आता धरत पण नाही, आणि मेस्त्रीने सांगितलेला खर्च खरोखर करावा लागतो. खेळ ठेवूनसुद्धा क्लच सुटत नसेल, अर्थिंग झालं, ब्रॅकेट हलत नाही, वायरला कुठे तीव्र वळण नाही, ती सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात नाही, इतकं सगळं बघून झालं तरच गिअरबॉक्स उतरवा.

प्रश्न (डिचोलीहून एक वाचक): मारुती ८०० चं कार्बोरेटरवालं इंजिन मागे बसवून बग्गी बनवली आहे, आमच्या बंद चिरेखाणीत आणि भाटात चालवतो. टाकी पुढे, स्वतः जीआय पत्र्याची बनवली. गाडी पंधरा-वीस मिनिटं मस्त चालते मग धक्के खात बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले. काही फरक नाही.

उत्तर: तुम्ही बदललेल्या वस्तूंचा संशय चुकीचा नव्हता, तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू हे कॉइलचं नेहमीचं लक्षण आहे. फक्त बंद पडली त्या क्षणी काय नाहीये, पेट्रोल नाहीये की ठिणगी नाहीये, हे बघायचं राहून गेलं. पुढच्या वेळी बंद पडली की अर्धा तास थांबू नका, लगेच तपासा.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी दोन-चार सेल्फमध्ये सुरू झाली तर तुमच्या टाकीला हवा घ्यायला वाटच नाही. पंप पेट्रोल ओढत राहतो, टाकीत निर्वात होत जातो आणि एका क्षणी पंपाची ताकद कमी पडते. शहाळ्याला एकच बारीक भोक पाडलं की पाणी कसं अडकत अडकत येतं, तसंच. अर्ध्या तासात झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू आत शिरते म्हणून गाडी पुन्हा चालते. घरी बनवलेल्या टाकीत हे फार होतं. टाकीच्या वरच्या भागातून एक बारीक नळी काढा, ती झाकणाच्या वर नेऊन वळवून खाली आणा आणि टोकाला छोटा फिल्टर लावा नाहीतर चिऱ्याची लाल धूळ आत जाईल. नळीत गाडी उलटली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवता आला तर उत्तम, बग्गी कलंडली तर पेट्रोल सांडत नाही.

फुस्स झालं नाही तर एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंदच ठेवा, आणि कार्बोरेटरच्या गळ्यात बघत हाताने अॅक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची धार दिसली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, मग ठिणगीकडे वळा. धार नाही तर पेट्रोल पोचत नाहीये. ठिणगी बघताना कार्बोरेटर झाकून घ्या, एक जास्तीचा प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनला पक्की टेकवा आणि कार्बोरेटरपासून लांब धरा. आजूबाजूला बिडी-सिगरेट कोणी पेटवणार नाही हे बघा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

माझा अंदाज मात्र पेट्रोलकडेच जातो. ८०० चा मूळ पंप इंजिनवर बसतो, कॅमशाफ्टवर चालतो, आणि त्याला पुढच्या टाकीतून अख्ख्या गाडीची लांबी पेट्रोल ओढून आणावं लागतंय. ओढणाऱ्या पाइपात कुठे क्लिप सैल असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि आपण पाइप चांगलाच समजतो. पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावा, त्यात बुडबुडे दिसले की क्लिपा तपासा. शिवाय ओढीखालचं पेट्रोल लवकर उकळतं, पाइप सायलेन्सरजवळून गेला असेल तर त्यात वाफ अडकते आणि गाडी बंद. यावर खरा उपाय म्हणजे टाकीजवळ कमी दाबाचा, दोन ते चार पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप, रिले लावून, आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा ऑइल प्रेशर स्विच जोडून. इंजेक्शनच्या गाडीचा पंप मात्र लावू नका, त्याचा दाब कार्बोरेटरची नीडल सहन करत नाही, पेट्रोल वरून वाहायला लागेल आणि खाली गरम सायलेन्सर आहे.

टाकीबद्दल अजून थोडं. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली तर पाणी इथेनॉलला घेऊन तळाला बसू शकतं. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर अशा ओल्या पेट्रोलमध्ये खराब होतो आणि पांढरी भुकटी होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकते. तुमचा फिल्टर उघडून बघा, पांढरं काही दिसलं तर टाकी बदला, स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमची करा. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉलला चालणारे घ्या. आणि साध्या पेट्रोलवर सेट केलेल्या कार्बोरेटरला हे मिश्रण थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, कारण पूर्ण जळायला साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९ पट. प्लगचं टोक पांढरं फट्ट दिसत असेल तर मेन जेट एक नंबर मोठं घालून बघा.

एक शेवटचं, कॉइल बदललीच आहे तर ती बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा बाहेरचा रेझिस्टर) लागणारी तर नाही ना तेवढं दुकानदाराला विचारा. तसली कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडली तर ती पण तापून असंच करेल.

प्रश्न (पेडण्याहून): जूनपासून गाडी शेडमध्ये उभी होती. आता इंजिन सुरू होतं, पण क्लच दाबूनही गिअर अजिबात पडत नाही. पेडल नेहमीसारखं लागतं.

उत्तर: क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे, चार महिने दमट हवेत उभ्या गाडीत हे होतंच. प्लेट खराब झाली असं नाही, फक्त सोडवायची आहे. पेडल तळापर्यंत दाबून लाकडी दांड्याने सीटला टेकवून रात्रभर ठेवा, कधीकधी तेवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर इंजिन आधी चांगलं गरम करून बंद करा. मग मोकळ्या सपाट जागेत, समोर माणूस, भिंत, माड काही नको, गाडी दुसऱ्या गिअरला टाका, क्लच पूर्ण दाबलेला ठेवून सेल्फ मारा. गाडी लगेच चालायला लागेल त्याची तयारी ठेवा. चालत्या गाडीत क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर द्या-सोडा आणि मध्ये मध्ये ब्रेक लावा, खट् करून प्लेट सुटते आणि इंजिन मोकळं फिरतं. ब्रेक आधी तपासा, कारण ब्रेकपण तेवढेच महिने उभे होते. जॅकवर चढवून हे करू नका, गाडी जॅकवरून निसटली की माणूस जातो.

सुटल्यावरही गिअर आधीसारखा सहज पडत नसेल तर इनपुट शाफ्टच्या खाचांवर गंज असेल, तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवून साफ करून बोटाने अगदी पातळसं ग्रीस लावा, जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना पेडल दांड्याने दाबूनच ठेवा, ट्रॅक्टरवाले हेच करतात.

प्रश्न (मडगावहून): स्वतः बांधलेली जीप कोलव्यापर्यंत नेली तर चालेल का?

उत्तर: नाही. रजिस्ट्रेशन नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९. जुन्या गाडीचे कागद आहेत म्हणून त्यावर वेगळी चेसिस चढवणंही गाडीत बदल करण्याबद्दलच्या कलम ५२ मध्ये अडकतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. पूर्ण नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेकडून मॉडेलची मंजुरी लागते, एका गाडीसाठी ते परवडणारं नाही. अपघात झाला तर विमाही नाही, आणि समोरच्या माणसाचं नुकसान कोण भरणार? आपल्या भाटात, कुळागरात मनसोक्त चालवा. रस्त्यावर नको.

प्रश्न (फर्मागुडीहून): काका, मी इंजिनिअरिंगला आहे. स्पर्धेसाठी आम्ही सिंगल सीटर बांधतोय, ३९० सीसीचं बाईकचं इंजिन. टेस्टिंगला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फुल दिलं की आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही. क्लच प्लेट नव्या आहेत. आणि गोल वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, ऑइल बरोबर भरलंय.

उत्तर: बाळा, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात इंजिन जाईल. तो दिवा लागतो तेव्हा गाडी चालवणं थांबवायचं, एक फेरी सुद्धा पूर्ण करायची नाही. बाईक वळणावर कलते म्हणून तिच्यातलं ऑइल तळालाच राहतं, तुमची गाडी कलत नाही, ती सपाट राहून वळते, त्यामुळे सगळं ऑइल संपच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) एका बाजूला चढतं आणि पंपाची नळी हवा ओढते. लेव्हल बरोबर असूनही हे होणार. ऑइल जास्त भरणं हा उपाय नाही, ते क्रँकला लागून फेसाळतं. संपमध्ये पिकअपच्या, म्हणजे पंपाच्या त्या नळीच्या तोंडाच्या, भोवती पत्र्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या घालून छोटी खोली करा, खाली भोकं ठेवा, म्हणजे ऑइल आत येईल पण बाजूला पळणार नाही. वेल्ड केल्यावर आतला एकेक कण धुऊन काढ. दिव्याच्या जागी मोठा झगझगीत दिवा लाव, हेल्मेट घातलेल्या ड्रायव्हरला उन्हात तो छोटा दिवा दिसत नाही.

आता क्लच. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून ऑइल कुठलं टाकलंय ते डब्यावर वाच. कारचं ऑइल टाकलं असेल तर त्यातल्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं मिश्रण असतं, कारला ते मायलेजसाठी चांगलं, तुझ्या प्लेटना मात्र तेच नको असतं. डब्यावर जेएएसओ (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. चुकीचं ऑइल असेल तर ते काढ, फिल्टर बदल, योग्य ऑइल टाकून थोडं चालव आणि पुन्हा एकदा बदल. प्लेट त्या ऑइलात चांगल्याच मुरल्या असतील तर त्या पुन्हा धरतील याची खात्री नाही, तेव्हा जास्तीचा सेट हाताशी ठेवा.

ऑइल बरोबरच निघालं तर केबलचा खेळ बघ. बाईकचं लिव्हर काढून तुम्ही पायाचं पेडल बसवलंय ना, मग पेडल वर आलेलं असताना केबल जराशी सैल आहे का? पेडलला परत ओढणारी स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना स्टॉप हवेतच. खालचा स्टॉप नसेल तर घाबरलेल्या ड्रायव्हरचा पाय केबलच तोडून टाकतो.

आणि वजनाचा विचार कर. हे इंजिन बाईक आणि एक माणूस ओढायला बनलंय, तुमची गाडी ड्रायव्हरसकट त्याच्यापेक्षा बरीच जड भरणार. मूळ स्प्रॉकेट तसंच ठेवलं असेल तर सुटताना प्रत्येक वेळी हाफ क्लचवर जास्त वेळ जातो, स्टीलच्या प्लेट तापून निळ्या पडतात. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढव, टॉप स्पीड थोडा कमी होईल पण त्या ट्रॅकवर तो लागत नाही. क्लच उघडशील तेव्हा स्टीलच्या प्लेटचा रंग बघ, काचेवर ठेवून वाकल्यात का बघ, स्प्रिंगांची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघ आणि ते आकडे मला पाठव, म्हणजे प्लेट ठेवायच्या की बदलायच्या ते नीट सांगता येईल.